दुपट्ट्याखालचे आठ हात

सभापतींनी मला फसवलं. आठ हात रुंदीच्या वाटेसाठी फसवलं, भर दुपारी, निंबाच्या झाडाखाली, अख्ख्या वस्तीसमोर फसवलं. मी बैलबाजारात चाळीस वर्षं सौदे केले. माझ्याकडून कुणी बैलाच्या शेपटीचा केससुद्धा फुकटात नेलेला नाही. या माणसानं माझ्या शेतातून अख्खी वाट नेली आणि मी त्याच दिवशी खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

स्मरणिकेच्या समितीनं माझ्याकडे सभापतींबद्दल चार चांगले शब्द मागितले. एका पानात बसवा म्हणाले, बाकीच्या पानांवर फोटो आहेत. मी आयुष्यात कुठलाच सौदा चार शब्दांत केला नाही, तेव्हा जेवढं होईल तेवढं लिहितो. कापायचं असेल तर मला विचारून कापा.

ते सभापती एकदाच होते, पंचायत समितीचे, अडीच वर्षं. त्याआधी सरपंच होते आणि त्यानंतर काहीच नव्हते. पण एकदा सभापती झाले ते मरेपर्यंत सभापतीच राहिले. शेअर जीपवाला त्यांना 'सभापती' म्हणायचा, तहसीलदार म्हणायचा, आणि घरात काकूसुद्धा म्हणायच्या, "सभापती, येता येता मिरच्या आणजा." त्यांचं खरं नाव मला अंत्ययात्रेच्या फलकावर वाचावं लागलं.

त्यांच्या खांद्यावर कायम दोन दुपट्टे असायचे. एक पांढरा, पातळ, घाम पुसायचा. दुसरा जाड, तपकिरी चौकडीचा. त्याला त्यांनी कधी तोंड पुसलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "एक घामाचा, एक कामाचा."

हे काम कोणतं ते बैलबाजार न पाहिलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे जुन्या चालीत बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एका दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. भोवतीच्या लोकांना कापड हलताना दिसतं, बाकी काही दिसत नाही. तोंडानं दोघंही पावसाचं, तुरीवरच्या अळीचं बोलत असतात. सौदा मोडला तरी कुणाची इज्जत जात नाही, कारण कोण किती खाली आला हे त्या दोघांनाच ठाऊक असतं.

सभापतींनी ही चाल बाजारातून उचलली आणि तिच्यावर तालुका चालवला. दोन भावांचं विहिरीच्या पाण्यावरून वैर असो, की सोयरीक मानपानावर अडलेली असो, ते दोघांच्या मध्ये बसायचे, कामाचा दुपट्टा आपल्या दोन्ही हातांवर टाकायचे आणि एका हातात एकाचा, दुसऱ्या हातात दुसऱ्याचा हात घ्यायचे. विहिरीचं पाणी आठवड्यातून किती दिवस सोडतोस? दाब बोटं. वरातीला किती माणसं आणतोस? दाब बोटं. इकडचं तिकडे सांगायचे, तिकडचं इकडे. तासाभरानं दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला की भांडण मिटलेलं असायचं.

"चार लोकांत मानूस खाली येत नाही," ते म्हणायचे. "दुपट्ट्याखाली येते."

एकदा एक नवे इंजिनीअर आले, पुण्याकडचे. आमच्या नाल्यावर किती रपटे, म्हणजे बुटके पूल, करायचे यावर चर्चा चालली होती. सभापतींनी सवयीनं साहेबांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि दोन बोटं धरली. साहेब ताडकन उठले. "मी असले प्रकार खपवून घेत नाही," म्हणाले. त्यांना वाटलं, हा लाच देतोय.

सभापती म्हणाले, "साहेब, देऊन नाही राह्यलो. मागून राह्यलो. दोन रपटे."

साहेब दोन वर्षं इथे राहिले. जाताना त्यांनी सभापतींकडून तसाच चौकडीचा एक दुपट्टा मागून नेला.

दुसरी खोड मोजण्याची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे एक हात, साधारण दीड फूट. रस्ता असो, शाळेची खोली असो, ते खाली बसून हातानं मोजायचे. कंत्राटदार टेप पुढे करायचा. "टेप कंत्राटदाराचा असते बापा, हात आपला असते," म्हणून ते मोजणं चालू ठेवायचे. एका रस्त्याची रुंदी अर्धा हात कमी भरली, तर ते तिथेच रस्त्याच्या मधोमध बसले, भाकरीची शिदोरी सोडली आणि जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. तिसऱ्या दिवशी कंत्राटदार स्वतः पिठलं घेऊन आला आणि रस्ता उकरायला लागला.

हारांचं त्यांना वावडं होतं. सत्काराचा हार गळ्यात पडला की स्टेजवरून उतरून ते पहिला बैल दिसेल त्याच्या गळ्यात घालायचे. बैल तो हार खाऊन टाकायचा. "त्याच्या तरी पोटात गेला," म्हणायचे. समितीनं हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

माझी त्यांची ओळख बाजारातच झाली. मी मूळचा राळेगावकडचा. बाविसाव्या वर्षी दुसऱ्यांची ढोरं पायी हाकत बाजारोबाजार न्यायचो. एका वर्षी पोट मारून स्वतःचा एक बैल घेतला आणि विकायला उभा केला. एका मोठ्या दलालाला बैल पसंत पडला. मी दुपट्टा पुढे केला, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ढोरं हाकणाऱ्याच्या हातात हात देऊ काय मी? तोंडानं सांग भाव."

माझं डोकं तापलं. ते तेव्हाही लवकर तापायचं, आताही तापतं. मी त्याच्या आईबापाचा उद्धार सुरू केला. गर्दी जमली. तेवढ्यात हे आले, तेव्हा सरपंच होते. एका दगडावर बसून त्यांनी खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि माझ्या शिव्या संपेपर्यंत सोलत बसले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं."

"मंग होऊ दे." आणखी दोन शेंगा सोलल्या. मग उठून त्यांनी आपला दुपट्टा माझ्या हातावर टाकला. "सौदा माझ्याशी कर."

त्यांना बैलाची गरज नव्हती. घरी दोन जोड्या उभ्या होत्या. पण त्यांनी घासाघीस पुरती केली, मला दोनदा खाली आणलं, एकदा स्वतः वर चढले आणि बैल घेतला. सगळ्या बाजारानं पाहिलं की सरपंचानं ढोरं हाकणाऱ्याच्या हातात हात दिला. दावं हातात घेताना माझ्या कानाशी म्हणाले, "तुझा हात लय गरम आहे बे. तोंड गरम ठेव, हात थंडा ठेव. कोनी तुले लुटणार नाही."

मी आज जो काही आहे तो या एका वाक्यावर आहे. ढोरं हाकायचो तो दलाल झालो, मग शेती घेतली, बैल गेले आणि ट्रॅक्टर आले तेव्हा ट्रॅक्टर घेतले. दारव्ह्यापासून केळापूरपर्यंत लोक म्हणतात, हा माणूस ओरडतो फार, पण ओरडता ओरडता सौदा करून जातो. तो हुन्नर त्यांनी मला एका बैलाच्या सौद्यात शिकवला. त्या दिवसापासून ते मला 'सेठ' म्हणायचे. तेव्हा माझ्याकडे अंगावरचा एक सदरा होता.

आता वाटेचं सांगतो.

केळापूरच्या अंगाला, डांबरी रस्त्याला लागून मी बारा एकर शेत घेतलं. शेताच्या मागे कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती आहे, तीसेक घरांची. पोडातून रस्त्यावर यायची वाट माझ्या शेताच्या कडेनं होती, एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला माझी पराटी, म्हणजे कपाशी. मी सातबारा पाहिला. त्यावर वाट नव्हती. मी तारेचं कुंपण घातलं आणि वाट बंद केली. हे मी लपवत नाही. त्या वयात मला वाटायचं, कागदावर नाही ते जगात नाही.

पोडातली माणसं नाल्यातून फिरून यायला लागली. पावसाळ्यात नाला भरला की तेही नाही. त्यांनी तक्रार केली नाही, भांडण केलं नाही. त्यांचा नाईक, म्हणजे पोडाचा प्रमुख, एकदा माझ्याकडे आला, कुंपणाच्या पलीकडे उभा राहिला, थोडा वेळ पाहिलं आणि गेला. त्याचा मला जास्त राग आला. भांडणाऱ्या माणसाशी सौदा करता येतो. गप्प माणसाचं काय करायचं?

सभापती एके दिवशी दुपारी आले. निंबाखाली नाईकाला बसवलं, मला बसवलं, मध्ये स्वतः बसले. पोडातली बायामाणसं पन्नासेक पावलांवर उभी. कामाचा दुपट्टा दोन्ही हातांवर पसरला. उजवीकडे माझा हात, डावीकडे नाईकाचा.

"वाट किती हात देतं सेठ?"

मी तीन बोटं दाबली. तीन हात म्हणजे डोक्यावर मोळी घेतलेलं माणूस जाईल एवढी.

सभापतींनी डावा हात हलवला आणि चेहरा कडू केला. "नाईक बारा म्हणते."

"बारा?" मी ओरडलो. "बारा हातात तं एसटी जाईल. एसटी आणता काय पोडात?"

"ओरड, ओरड," ते म्हणाले. "पन बोटं दाब."

मी चार दिले. डावा हात हलला. नाईक अकरावर आला. मला हुरूप आला. मी नाईकाकडे पाहिलं, तर तो समोर पाहत बसलेला, चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. मनात म्हटलं, काय पक्का गडी आहे. मी पाच दिले. नाईक दहावर आला. मी मुद्दाम उठून चार पावलं गेलो, चपला घातल्या, परत आलो. सहा. नाईक अजून दहावरच. मी सात दिले, तेव्हा कुठे तो नवावर आला. घाम फुटला मला. एवढं तोलामोलाचं गिऱ्हाईक मला दारव्ह्याच्या बाजारातही भेटलं नव्हतं.

"आठ," मी शेवटी पंजा आणि वर तीन बोटं दाबली. "पन माझी एक अट. रानडुकरं माझी पराटी आडवी करतात. पोडाच्या लोकांनी ती हाकलली पाहिजेत."

डावा हात बराच वेळ हलला. सभापतींनी मान डोलावली. "कबूल म्हणते. पन लय जिवावर आलं त्याच्या."

दुपट्टा झटकला गेला. मी बाराचे आठ केले होते आणि वर राखण मिळवली होती. मी चहा मागवला. नाईक दोन कप प्याला. त्याच संध्याकाळी मी कुंपण मागे घेतलं, आठ हात, स्वतः मोजून.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी एकही डुक्कर शेतात शिरलं नाही. दोन वर्षांनी मी नाईकासोबत मचाणावर बसलो होतो. कौतुकानं म्हटलं, "नाईक, तुम्ही त्या दिवशी मला फार खेचलं. दहावर येऊन बसले ते हलायलाच तयार नाही."

"कोनाले खेचलं?" नाईक म्हणाला.

"दुपट्ट्याखाली. बाराचे आठ होईपर्यंत."

नाईक विचारात पडला. "मले तं सभापती म्हनले, माहा हात धरून बस आन बोलू नको. मी बसलो. मले बैलबाजाराची बोटं नाही समजत बापा. आमी कधी बैल इकले आहेत?"

"मग तुम्ही बारा मागितले नाही?"

"मी काहीच नाही मागतलं."

"आणि डुकरं?"

"डुकरं तं आमी पयलेपासून हाकलतो. आमची जवारी आहे ना पलीकडे. तुमी वाट देली, म्हून तुमच्याबी इकडे एक फेरा मारतो."

मी मचाणावरून खाली उतरलो तो पडता पडता. म्हणजे मी दुपारभर स्वतःशीच घासाघीस केली होती. समोर कुणीच नव्हतं. सभापतींनी एका हातानं एका म्हाताऱ्याचा हात नुसता धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला तिनाचा आठ केला. तोंड गरम, हात थंडा, सगळं मी बरोबर केलं होतं. पण दुपट्ट्याखालचा हात खोटं बोलेल हे मला सुचलंच नाही. माझ्या धंद्यातल्या कुणालाच सुचलं नसतं.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, बसा. मी बसलो नाही. अंगणात उभा राहून जे सुचेल ते बोललो. सभापती शेंगा सोलत होते.

"गाडी किती हातांत जाते?" माझं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"सहा."

"भरली गाडी, कापूस दोन्हीकडे फुगलेला, आन बाजूनं लेकरू घेऊन बाई चालली. मंग?"

मी मनात मोजून पाहिलं.

"आठ लागते," ते म्हणाले. "मी चुकलो काय मोजाले?"

मोजायला ते चुकले नव्हते. त्याचाच राग आला.

त्या वर्षी ते जिल्हा परिषदेला उभे राहिले आणि मी त्यांच्या विरोधात जीप फिरवली. गावोगावी सांगितलं, जो माणूस दुपट्ट्याखाली फसवतो तो यवतमाळला गेल्यावर तुम्हाला काय सोडेल. लोक हसले, टाळ्या दिल्या. ते थोडक्यात पडले. किती मतं माझ्यामुळे गेली ते मला ठाऊक नाही. गेली नाहीत असं मी म्हणत नाही.

पुढच्या बाजारी ते नेहमीसारखे आले. माझ्यासमोर उभे राहिले. "लय मस्त बोलला म्हणते तू."

"फसवलं हे कबूल करा," मी म्हटलं. "इथे, चार लोकांत."

"चार लोकांत मानूस खाली येत नाही सेठ," असं म्हणून ते कांदे घ्यायला निघून गेले.

महिनाभरानं मला कळलं ते असं. ऐन निवडणुकीच्या दिवसांत, जेव्हा मी जीपवरून त्यांना शिव्या देत होतो, तेव्हा काही दलालांनी माझा बाजारातला परवाना काढून घ्यायचा घाट घातला होता. हा भांडतो, गिऱ्हाइकं पळवतो, असा अर्ज होता. बैठकीला सभापती गेले होते. ते एवढंच म्हणाले, "भांडखोर आहे. माझ्याविरुद्धही भांडून राह्यला. पन त्याच्या हातात खोट नाही. परवाना हाताले असते, तोंडाले नाही." माझा परवाना राहिला. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मीही आभार मानले नाहीत. कसे मानायचे? आधी त्यांनी कबूल करायला हवं होतं.

पंचवीस वर्षं आमचं असंच चाललं. भेटलो की मी म्हणायचो, माझे आठ हात. ते म्हणायचे, डुकरं आली काय? कुणाच्या लग्नात, कुणाच्या मातीला, एसटीच्या थांब्यावर. लोकांना वाटायचं यांचं काही जुनं गुपित आहे. वाट मात्र चालू होती. तिच्यावरून पोडातला कापूस भरून गेला, शाळेची मास्तरीण स्कूटीवर आली, वरात गेली, नाईकाच्या म्हातारीला चौघांनी खांद्यावर नेलं ते बाजू बाजूनं चालणाऱ्या माणसांसकट मावले. माझा स्वतःचा ट्रॅक्टर त्याच वाटेनं शेताच्या मागच्या अंगाला जातो. पीक उभं असताना तिकडे जायला मला दुसरी वाटच नव्हती, हे मी शेत घेताना पाहिलं नव्हतं. सभापतींनी पाहिलं असावं.

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी यवतमाळला दवाखान्यात गेलो, दुपारची वेळ होती. खाटेवर एवढासा माणूस. उशाला दोन्ही दुपट्टे घडी करून ठेवलेले. काकू म्हणाल्या, "ओळखतात सगळ्याइले. बोलता येत नाही फक्त."

मी नेहमीचंच बोललो. "सभापती, माझे आठ हात."

त्यांनी डावा हात हलवला. काकूंना कळेना. मला कळलं. मी चौकडीचा दुपट्टा घेतला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली माझा हात घातला. हात गार होता. त्यांनी माझा पंजा धरला. सोडला. मग एकेक करून तीन बोटं दाबली, मोठ्या कष्टानं.

पाच आणि तीन.

कबुली असेल असं मला आधी वाटलं. मग त्यांनी तेच परत केलं, पंजा आणि तीन बोटं, आणि माझ्याकडे पाहत राहिले, बाजारात समोरचा उत्तराची वाट पाहतो तसे. ते सौदा करत होते. मी गेल्यावर आठाचे सात होऊ देऊ नको, असं ते मागत होते. मी वर-खाली केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच भावाला हो म्हटलं. पंजा दाबला, तीन बोटं दाबली.

आठ दिवसांनी ते गेले.

शोकसभा मोठी झाली. सगळ्या पक्षांचे लोक बोलले. त्यातच ठरलं की त्यांच्या नावानं कमान उभी करायची, आणि ती पोडाच्या वाटेच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावरून दिसेल अशी. मी टाळी वाजवली. मला वाटलं, बरोबर जागा निवडली.

कमान झाली. वर त्यांचं नाव, दोन्हीकडे जाड सिमेंटचे खांब, खांबांखाली फरशीचे ओटे. उद्घाटनाला मला दुसऱ्या रांगेत खुर्ची होती. हार खूप आणले होते. बैल एकही नव्हता.

दोन महिन्यांनी सकाळी अकराच्या सुमारास मी शेतात होतो. नाईकाची नातसून अडली होती. रुग्णवाहिका आली आणि कमानीपाशी थांबली. ड्रायव्हरनं एकदा पुढे घेतली, एकदा मागे घेतली. "वळतच नाही," म्हणाला. रस्त्यावरून वळून त्या दोन खांबांमध्ये गाडी शिरेना. मग पोडातून चौघं तिला खाटेवर घेऊन आले, उन्हातून, सगळी वाट चालत, आणि सभापतींच्या नावाखालून बाहेर काढलं. ती आणि पोरगी दोघी सुखरूप आहेत. ते ड्रायव्हरचं आणि देवाचं श्रेय आहे, कमानीचं नाही.

नाईक काठी टेकत मागून आला. आता त्याला नीट दिसत नाही. त्यानं खांबाला हात लावून पाहिला, मग पलीकडच्या खांबाला. "पयले वाट होती, नाव नव्हतं," म्हणाला. "आता नाव आहे."

मी खाली बसलो आणि मोजलं. पाच हात. हात सैल धरला तरी पाच. भरलेली कापसाची गाडी त्यातून जात नाही. माझा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट जात नाही, पण माझं सोडा.

कमान ज्यांनी बांधली तीच ही स्मरणिकेची समिती; मी तिच्या अध्यक्षांकडे गेलो. ते सभापतींना गुरू म्हणतात, शोकसभेत सगळ्यात जास्त तेच रडले होते. ते म्हणाले, "काका, पंचायतीच्या रेकॉर्डला ती पायवाट आहे. पायवाटेले पाच हात लय झाले. आठ हातांचा कागद आहे काय तुमच्याकडे?"

"सौदा दुपट्ट्याखाली झाला."

"मग दुपट्टा दाखवा," ते म्हणाले आणि हसले. बाजूला बसलेलेही हसले.

पंचवीस वर्षांपूर्वी मीही असंच म्हणायचो, कागदावर नाही ते जगात नाही. म्हणून त्या वेळी मी त्यांच्यावर ओरडलो नाही. ही माझी चूक झाली. ती आता लिहून दुरुस्त करतो.

कागद नाही, पण साक्षीदार आहे. ज्याची जमीन गेली तोच सांगतोय की आठ हात गेली. असा साक्षीदार तुम्हाला कुठल्या कचेरीत मिळेल? आणि कमान पाडा असंही मी म्हणत नाही. नाल्याकडचा खांब राहू द्या. माझ्या बाजूचा खांब तीन हात माझ्या शेतात सरकवा. जमीन मी देतो, हे इथे छापून देतो. म्हणजे खांबांमधली वाट परत आठ हात होईल, आणि आधीचे आठ धरून माझे एकूण अकरा हात गेले. सभापती नाईकाच्या नावानं बारा मागत होते. मेल्यावरही त्यांनी मला अकरापर्यंत चढवलं.

ही स्मरणिका वर्षश्राद्धाला त्याच कमानीखाली मांडव घालून प्रकाशित होणार आहे, असं पत्रात लिहिलंय. मी येईन. काकूंनी कामाचा दुपट्टा मला दिला आहे, तो खांद्यावर असेल, पण मी तो कुणाच्या हातावर टाकणार नाही. हा एक सौदा उघड्यावर होईल. मी खाली आलोय, चार लोकांत आलोय. सभापतींनी मला आठ हातांना फसवलं, ते मला मंजूर आहे, आणि पुन्हा फसवायला आले तर पुन्हा मंजूर आहे. त्या आठांपैकी पाच जागेवर आहेत. उरलेले तीन कुणी घेतले, हे अध्यक्षांनी माइक हातात घेऊन, नाईकाच्या तोंडाकडे पाहून सांगावं.